घन आणि द्रव पदार्थांचे आकारमान कसे मोजावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोजपात्रात पाणी घ्यायचे, दगड सोडायचा, दोन आकडे वजा करायचे. पुस्तकात हा प्रयोग चार ओळींत संपतो. वर्गात मात्र एकाच दगडाची सात उत्तरे येतात. दोष बहुतेक वेळा मोजपात्राचा नसतो. आपण नेमकी कुठली जागा मोजतो आहोत हेच आधी ठरलेले नसते. मुले, पालक आणि शाळेची प्रयोगशाळा सांभाळणारे जे प्रश्न विचारतात, ते खाली घेतले आहेत. हवा तो प्रश्न थेट वाचला तरी चालेल, पण चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, प्रश्न सोडू नका. आपल्याकडे गोव्यात हाताशी येणारा पहिला दगड बहुधा तोच असतो.

आकारमान, घनफळ, व्हॉल्यूम आणि धारकता हे सगळे एकच का?

पहिले तीन एकच. विज्ञानाच्या पुस्तकात आकारमान, गणितात घनफळ, आणि प्राथमिक शिक्षण मराठीतून घेऊन पुढे इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलांना तेच व्हॉल्यूम म्हणून भेटते. तिन्हींचा अर्थ वस्तूने व्यापलेली जागा.

धारकता वेगळी. भांड्यात किती मावते, ती धारकता. तांब्याची कळशी आडवी करून, आत पाणी शिरू देऊन बुडवली, तर पाण्याची पातळी फक्त पत्र्याच्या आकारमानाइतकी चढते. तोंड घट्ट बंद करून दाबून बुडवली, तर पत्रा आणि आतली पोकळी दोन्ही मिळून पाणी सारतात. या दोन मापांतला फरक म्हणजे धारकता. पत्र्याचे माप वजनावरून पडताळता येते. तांब्याची घनता दर घन सेंटिमीटरला ८.९६ ग्रॅम आहे, म्हणून १,७९० ग्रॅमच्या कळशीत तांबे फक्त २०० मिलीच्या आसपास असते. एवढी थोरली कळशी, पण तिच्यातला धातू दोन पेल्यांत मावेल इतकाच.

घन सेंटिमीटर आणि मिलिलिटर यांत फरक आहे का?

आज नाही. १ मिली म्हणजे नेमका १ घन सेंटिमीटर आणि १ लिटर म्हणजे १,००० घन सेंटिमीटर. पूर्वी किंचित फरक होता. १९०१ ते १९६४ या काळात लिटरची व्याख्या १ किलो पाण्याच्या आकारमानावरून केलेली होती, आणि ते १,००० घन सेंटिमीटरपेक्षा सुमारे ०.०२८ घन सेंटिमीटरने जास्त भरत असे. १९६४ साली ही व्याख्या रद्द झाली. जुन्या पुस्तकात दोन्ही एककांत फरक दाखवलेला दिसला, तर त्याचे कारण हे.

मुलांची खरी चूक दुसरीकडे होते. १ मीटरमध्ये १०० सेंटिमीटर, म्हणून १ घन मीटरमध्ये १०० घन सेंटिमीटर, असे लिहिले जाते. खरा आकडा १० लाख आहे: १०० × १०० × १००. घरचे नळाच्या पाण्याचे बिल काढून दाखवा. त्यावरचा १ घन मीटर म्हणजे गच्चीवरची १,००० लिटरची एक पूर्ण टाकी.

द्रव मोजायला कुठले भांडे घ्यावे?

चंचुपात्रावरच्या (बीकरवरच्या) रेघा फक्त अंदाजाच्या असतात. त्या ५ टक्क्यांपर्यंत चुकीच्या असू शकतात, म्हणून चंचुपात्र ओतायला आणि ढवळायला वापरावे, मोजायला नाही. रोजच्या कामाला मोजपात्र. १०० मिलीच्या साध्या, म्हणजे ‘ब’ वर्गाच्या मोजपात्रात १ मिलीपर्यंत चूक चालते, ‘अ’ वर्गाच्या पात्रात अर्धा मिली. त्याहून नेमके माप हवे असेल तर ब्युरेट (खाली तोटी असलेली आखीव नळी) किंवा पिपेट (द्रव ओढून घेऊन सोडायची आखीव नळी).

नियम एकच: जेवढे मोजायचे आहे ते जेमतेम मावेल इतके लहान पात्र घ्या. ८ मिली पाणी १०० मिलीच्या पात्रात मोजले तर १ मिलीची चूक म्हणजे बारा टक्के झाले. १० मिलीच्या पात्रात तेच काम दोन टक्क्यांत होते.

पिपेटमधून द्रव सोडल्यावर टोकाशी एक थेंब उरतो. तो फुंकून काढू नका. ‘सोडण्यासाठी’ आखलेल्या पिपेटवर तो थेंब हिशेबात धरूनच रेघ मारलेली असते. टोक भांड्याच्या भिंतीला टेकवून काही सेकंद थांबले की पुरे. आणि तोंडाने कधीच ओढू नका, साधे पाणी असले तरी. रबरी फुगा वापरायची सवय पहिल्या दिवसापासून लागलेली बरी.

पाण्याची कड वर चढलेली दिसते. वाचायचे कुठे?

काचेत पाणी कडेला चढते आणि मध्ये खोलगट राहते. या वक्र पृष्ठाला मेनिस्कस म्हणतात. त्याचा सर्वांत खालचा बिंदू वाचायचा. पारा उलटा फुगतो, त्याचा वरचा बिंदू वाचतात (मुलांच्या हाती पारा देण्याचे मात्र कारण नाही). दूध किंवा पोटॅशियम परमँगनेटच्या गडद द्रावणात खालचा बिंदू दिसतच नाही. तिथे वरची कड वाचतात, पण मग सुरुवातीचे आणि शेवटचे अशी दोन्ही वाचने वरच्या कडेचीच घ्यायची.

पात्र सपाट टेबलावर ठेवा आणि डोळा पातळीच्या उंचीला आणा. पात्र हातात उचलून डोळ्यांपाशी नेले की ते हमखास तिरके होते. डोळा वर असेल तर माप जास्त दिसते, खाली असेल तर कमी. पात्रामागे पांढरा कागद धरा. त्यावर काळी पट्टी चिकटवून ती पातळीच्या किंचित खाली धरली, तर मेनिस्कसची खालची कड काळी आणि स्पष्ट उठून दिसते.

प्लास्टिकच्या पात्रात पातळी जवळजवळ सपाट दिसते. ते पात्र खराब नसते; पाणी प्लास्टिकला काचेसारखे चिकटत नाही, एवढेच.

वाचन किती अंकांपर्यंत लिहावे?

रेघ १ मिलीची असेल तर डोळ्याने अर्धा मिली सांगता येतो. म्हणून ६८.० किंवा ६८.५ लिहा, ६८.२७ लिहू नका, तो आकडा पात्राने दिलेला नाही. वजाबाकीत दोन वाचने असतात, प्रत्येकात अर्धा मिली चूक संभवते, म्हणजे फरकात १ मिलीपर्यंत. दगड ४० मिलीचा असेल तर ही चूक क्षुल्लक. ४ मिलीचा खडा असेल तर २५ टक्के, म्हणजे ते उत्तर असून नसल्यासारखे.

तापमानाने फरक पडतो का?

शाळेच्या प्रयोगात नगण्य, पण किती नगण्य ते माहीत असावे. पाण्याची घनता २० अंश सेल्सियसला ०.९९८२ आणि ३० अंशाला ०.९९५७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळी वर्गात १०० मिली पाण्याचे वजन तराजूवर साधारण ९९.५ ग्रॅम भरते. ते बरोबर आहे. तराजूला बोल लावू नका. काचेच्या पात्रावर एक तापमानही छापलेले असते, परदेशी बनावटीवर बहुधा २० अंश, भारतीय बनावटीवर अनेकदा २७. त्या तापमानाला रेघा बरोबर बसतात. गरम पाणी मात्र मोजपात्रात ओतू नका. पाणी फुगलेले असते, त्यामुळे माप चुकते, आणि साधी काच तडकायचीही भीती.

ठोकळ्याचे आकारमान पट्टीने मोजले तर पुरेसे आहे का?

कडा नीट असतील तर हो: लांबी × रुंदी × उंची. नळकांड्यासाठी ३.१४ × त्रिज्या × त्रिज्या × उंची. पण लांबीतली चूक घनफळात तिप्पट होते, हे ध्यानात ठेवा. गोटीचे उदाहरण घ्या. खरा व्यास १.६ सेंटिमीटर असेल तर आकारमान २.१ मिली. पट्टी एकच मिलिमीटर चुकून १.७ वाचले, की २.६ मिली. एका मिलिमीटरने वीस टक्के वाढले.

म्हणून लहान वस्तूला पट्टी नको, व्हर्नियर कॅलिपर घ्या. कॅलिपर नसेल तर सारख्या दहा गोट्या एका ओळीत पट्टीला टेकवून मांडा आणि एकूण लांबीला दहाने भागा.

मोठ्या चेंडूचा व्यास कसा घ्यायचा?

व्यास घेऊच नका, घेर घ्या. न ताणणारा दोरा सर्वांत रुंद भागाभोवती गुंडाळा, खूण करा, पट्टीवर मोजा. आकारमान = घेराचा घन ÷ ५९.२. क्रिकेटच्या चेंडूचा घेर २२.६ सेंटिमीटर भरला तर आकारमान १९५ मिली येते. चेंडूचे वजन १६० ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे तो पाण्यात तरंगणार. मैदानाशेजारच्या तळ्यात चेंडू गेलेल्यांना हे गणिताशिवायही माहीत असते.

ओबडधोबड दगडाचे आकारमान कसे मोजायचे? क्रम सांगा.

घट्ट, न झिरपणारा दगड घ्या. नदीपात्रातला गुळगुळीत गोटा उत्तम. तो पात्रात मावतो ना, हे कोरड्या पात्रात आधी पाहा. पात्रात अडकलेला दगड काढताना पात्रे फुटतात.

मोजपात्रात निम्म्यापर्यंत पाणी घ्या, समजा ५०.० मिली. दगडाला बारीक नायलॉनचा दोरा बांधा. सुती दोरा पाणी पितो. दगड आधी दुसऱ्या पाण्यात बुडवून काढा आणि झटका, म्हणजे पृष्ठभागावरची हवा सुटते. मग पात्र किंचित तिरके करून दगड भिंतीवरून हळू सोडा. उंचावरून टाकला तर पाणी उडते, आणि तळ फुटला तर प्रयोग तिथेच संपतो. पात्राला बोटाने टिचक्या मारून बुडबुडे वर येऊ द्या. आता वाचा, समजा ६८.० मिली. आकारमान १८ मिली.

चुका बहुतेक इथल्याच: दगड पूर्ण बुडलेला नसतो, बुडबुडे चिकटून राहतात (उत्तर जास्त येते), पाणी बाहेर उडते (उत्तर कमी येते), किंवा पहिले वाचन घेताना भिंतीवर वर चिकटलेले थेंब नंतर खाली ओघळतात.

मोजपात्र नाही, पण स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा आहे. चालेल का?

चालेल, आणि अनेकदा मोजपात्रापेक्षा चांगले चालेल. ही पद्धत शाळांत फारच कमी दाखवतात, याचे वाईट वाटते.

काट्यावर पाण्याचे भांडे ठेवा. काटा शून्यावर आणा. दगड दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा लटकवा. तळाला वा भिंतीला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल, तितके मिलिलिटर आकारमान. पाणी दगडाला वर उचलते, आणि जितक्या जोराने उचलते तितक्याच जोराने दगड पाण्याला खाली दाबतो. तो जोर सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका असतो, म्हणून काट्यावर थेट आकारमानच दिसते. दगड तळाला टेकला की मात्र त्याचे उरलेले वजनही काट्यावर येते आणि उत्तर बिघडते.

भांड्याचा आकार कसाही चालतो, रेघा लागत नाहीत. ०.१ ग्रॅमचा काटा असेल तर १८ मिलीचा दगड १८.२ की १८.४, हेही कळते.

चिऱ्याचा तुकडा बुडवला, पातळी चढली आणि मग हळूहळू उतरली. असे का?

कारण जांभा दगड आतून भोकाभोकांचा असतो. बुडवताच त्यातून बुडबुड्यांची माळ निघते, हवेच्या जागी पाणी आत शिरते आणि पातळी उतरत जाते. पहिल्या मिनिटाला वाचणाऱ्याचे एक उत्तर, दहाव्या मिनिटाला वाचणाऱ्याचे दुसरे. दोघांनीही काळजीपूर्वकच वाचलेले असते.

चिऱ्याला तीन आकारमाने आहेत: बाहेरून दिसणारे पूर्ण, आतल्या छिद्रांचे, आणि निव्वळ दगडी भागाचे. तिन्ही मोजता येतात.

मुठीएवढा तुकडा घासून स्वच्छ करा, उन्हात वा ओव्हनमध्ये पूर्ण वाळवून वजन करा. पावसाळ्यात उन्हावर विसंबू नका. हवेतलाच ओलावा दगडात राहतो. समजा कोरडे वजन २१२ ग्रॅम. मग तो २४ तास पाण्यात ठेवा. घाई असेल तर पाण्यासकट तासभर उकळून तिथेच थंड होऊ द्या, हवा लवकर निघते. बाहेर काढून ओल्या, पिळलेल्या फडक्याने फक्त वरचे पाणी टिपा. कोरड्या फडक्याने चोळलात तर छिद्रांतलेही पाणी ओढले जाते. लगेच वजन करा, समजा २३८ ग्रॅम. आता वरच्या काट्याच्या पद्धतीने तो पाण्यात लटकवा, समजा काटा १०४ ग्रॅम दाखवतो.

पूर्ण आकारमान १०४ मिली. छिद्रांत शिरलेले पाणी २३८ वजा २१२, म्हणजे २६ मिली. निव्वळ दगड ७८ मिली. या तुकड्याचा चौथा भाग म्हणजे नुसती भोके. घनताही दोन निघतात: बाहेरून २१२ ÷ १०४ म्हणजे २.०४, आणि दगडी भागाची २१२ ÷ ७८ म्हणजे २.७. भिंत बांधणाऱ्याला पहिली हवी, खनिज ओळखणाऱ्याला दुसरी.

हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचा तुकडा वेगळा निघेल. चिरा एकाच खाणीतलाही वर-खाली वेगळा असतो.

भिजत घालायला वेळ नसेल आणि फक्त बाहेरचे आकारमान हवे असेल, तर तुकड्यावर वितळलेल्या मेणाचा पातळ थर चढवून बुडवा. मेणाचे आकारमान (मेणाने वाढलेले वजन ÷ ०.९) वजा करायला विसरू नका.

लोहखनिजाचा खडा आणि चिऱ्याचा खडा सारखाच दिसतो. आकारमानावरून ओळखता येईल?

नुसत्या आकारमानावरून नाही, वजन आणि आकारमान मिळून येईल. डिचोली, सांगे, सत्तरी भागात हे खडे सहज मिळतात. शुद्ध हेमेटाइटची (लोहखनिजाचा एक प्रकार) घनता ५.२ च्या वर असते. प्रत्यक्ष खडा मिश्र असतो, म्हणून ती त्याहून कमी येते, पण जांभ्याच्या जवळपास दुप्पट सहज भरते. मोजण्याआधी दोन्ही खडे दोन हातांत धरून पाहा.

तरंगणारी वस्तू कशी मोजायची?

बूच, लाकूड, मेण यांना बुडवावे लागते. धातूचा नट बुडीत वजन म्हणून बांधा. आधी नुसता नट पाण्यात, समजा ७४.० मिली. मग नट आणि बूच दोन्ही पाण्यात, ८३.० मिली. बूच ९ मिलीचे. नटाचे आकारमान वेगळे काढायची गरज नाही, दोन्ही वाचनांत तो सारखाच आहे.

सोललेला नारळ असेल तर काट्यावर पाण्याचे पातेले ठेवून काटा शून्य करा आणि नारळ विणायच्या सुईने दाबून पूर्ण बुडवा. काटा थेट आकारमान दाखवतो. बोटाने दाबलात तर पाण्यात गेलेल्या बोटाचेही दोन-चार मिली त्यात धरले जातात.

मीठ पाण्यात विरघळते. त्याचे आकारमान?

ज्यात विरघळत नाही असा द्रव घ्या: रॉकेल किंवा खोबरेल. मिठागरातले जाडे मीठ वापरणार असाल तर आधी तव्यावर कोरडे करा. पावसाळ्यात ते नेहमीच ओलसर असते. ५० ग्रॅम कोरडे मीठ साधारण २३ मिली जागा व्यापते.

हौस असेल तर पाण्यातही टाकून पाहा, मजा आहे. १०० मिली पाण्यात ३६ ग्रॅम मीठ विरघळवले तर मिठाचे आकारमान जवळपास १७ मिली असूनही द्रावण ११३ मिलीच्या आसपासच भरते. विरघळलेले मिठाचे कण पाण्याच्या रेणूंना आपल्याभोवती घट्ट ओढून घेतात.

खोबरेल वापरताना एक खबरदारी. ते साधारण २४ अंशांखाली गोठू लागते. जानेवारीत सकाळच्या पहिल्या तासाला प्रयोग ठेवला तर बाटलीत लोण्यासारखा गोळा सापडेल. बाटली कोमट पाण्यात धरा.

वाळू आणि तांदूळ मोजपात्रात भरून मोजले तर?

तर दाणे आणि दाण्यांमधली हवा असे दोन्ही मोजले जाते. कोरडी वाळू ५० मिलीपर्यंत भरा. दुसऱ्या पात्रात ५० मिली पाणी घ्या आणि वाळू त्यात हळूहळू ओता, ढवळून हवा काढा. पातळी १०० ला पोचत नाही, ८० च्या आसपास थांबते. म्हणजे वाळूचे दाणे ३० मिलीच होते, २० मिली हवा होती. पात्र आपटून वाळू बसवली तर प्रमाण बदलते.

आपल्याकडे भात खंडी-कुडवांत मोजत, वीस कुडवांची एक खंडी. ही मापे आकारमानाची, वजनाची नव्हेत. म्हणूनच शिगोशीग भरायचे की वरून फळी फिरवून सपाट करायचे, यावरून कटकटी होत. मापात हवा किती राहते, हे भरणाऱ्याच्या हातावर अवलंबून. उकडे तांदूळ आणि सुरय (न उकडलेले) तांदूळ एकाच मापाने घेतले तरी वजन सारखे येईलच असे नाही, त्यामागेही हेच.

टाचण्या, मोहरी, काजूबिया एवढ्या लहान वस्तू?

एक मोजू नका. ५० टाचण्या किंवा २० काजूबिया एकदम बुडवा आणि भागाकार करा. काही काजूबिया तरंगतील. त्यांना तारेच्या जाळीने खाली दाबा.

शिंपल्याचे उत्तर प्रत्येक वेळी वेगळे का येते?

मिटलेली तिसरी (खाण्याचा शिंपला) बुडवली तर कवच, आतला जीव आणि आत कोंडलेले पाणी असे सगळे मिळून मोजले जाते. उघडलेले रिकामे शिंपले बुडवले तर फक्त कवचाचा पदार्थ. कुठले हवे ते वहीत लिहा.

सांडव्याचे भांडे वापरताना उत्तर कमीच येते. का?

मोजपात्रात न मावणाऱ्या वस्तूसाठी तोटीचे भांडे वापरतात. ते तोटीपर्यंत काठोकाठ भरायचे, वस्तू बुडवायची आणि सांडलेले पाणी मोजायचे. तत्त्व साळावली धरणाच्या गोल सांडव्याचेच: पातळी काठाच्या वर गेली की जादा पाणी पडते. पण धरणाला थेंबाचा हिशेब नसतो, आपल्याला असतो. पृष्ठताणामुळे पाणी तोटीच्या कडेवर फुगून धरले जाते आणि शेवटचे दोन-तीन मिली पडतच नाहीत.

म्हणून भांडे भरल्यावर ठिबकणे पूर्ण थांबेपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबा. मगच कोरडे मोजपात्र तोटीखाली ठेवा. वस्तू हळू बुडवा, लाट उठली तर जास्त पाणी सांडते. पुन्हा ठिबकणे थांबेपर्यंत थांबा. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला तर पृष्ठताण घटतो. वस्तू २० मिलीहून लहान असेल तर ही पद्धत नकोच.

भांडे घरी करायचे तर प्लास्टिकची बाटली वरून कापा, बाजूला भोक पाडा, खाली झुकणारा स्ट्रॉचा तुकडा बसवून भोवती एम-सील लावा.

काकवी, मध, तेल मोजताना निम्मे भांड्यालाच चिकटते. काय करावे?

वजनाने मोजा. भरलेली बाटली काट्यावर ठेवा, शून्य करा, हवे तितके ओता; काटा जितके ऋण ग्रॅम दाखवेल तितके बाहेर गेले. त्याला घनतेने भागले की मिली. खोबरेलाची घनता सुमारे ०.९२.

५० मिली अल्कोहोल आणि ५० मिली पाणी मिसळले, तर १०० मिली का होत नाही?

९६ ते ९७ मिली होते, आणि काही सांडलेले नसते. दोन्हींचे रेणू एकमेकांच्या मधल्या जागेत नीट बसतात. मिश्रण कोमट होते, ते थंड झाल्यावरच वाचा. वस्तुमान मात्र तंतोतंत बेरजेइतके राहते. काट्यावर तपासून पाहा.

काजू फेणीच्या बाटलीवर आकारमानाने ४२.८ टक्के अल्कोहोल लिहिलेले असते. १०० मिलीत ४२.८ मिली अल्कोहोल, मग पाणी ५७.२ मिली, असे वाटते. प्रत्यक्षात पाणी सुमारे ६० मिली असते. शाळेत हा प्रयोग सर्जिकल स्पिरिटने करा, ज्योतीपासून दूर.

घरी मोजपात्र करता येईल?

सरळ भिंतीची अरुंद बाटली घ्या. तळ खळग्याचा असतो, म्हणून तो झाकेल इतके पाणी ओतून तिथे ‘शून्य’ लिहा. उभी कागदी पट्टी चिकटवा. सुई काढलेल्या १० मिलीच्या सिरिंजने पाणी सोडत दर १० मिलीला रेघ मारा. सिरिंज भरताना टोक वर करून हवा काढा, नाहीतर प्रत्येक रेघ थोडी थोडी चुकत जाते आणि दहाव्या रेघेला चूक दहापट होते. शेवटी काट्यावर ताळा करा.

पाऊस मिलिमीटरमध्ये का सांगतात? पाणी तर आकारमान ना?

पडलेले पाणी वाहून वा जिरून गेले नाही तर जमिनीवर किती उंच साचेल, तो आकडा मिलिमीटरचा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर. १,००० चौरस फुटांच्या छपरावर १० मिलिमीटर पडला तर ९२९ लिटर.

पर्जन्यमापक करताना नरसाळ्याचा व्यास मोजा. १० सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्यातून १ मिलिमीटर पावसाचे ७.८५ मिली पाणी येते. जमलेले मिली ÷ ७.८५ = पाऊस मिलिमीटरमध्ये. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटर होणे नवे नाही. त्या दिवशी ७८५ मिली जमतील, म्हणून खाली अर्ध्या लिटरची बाटली ठेवू नका. वाचन रोज सकाळी साडेआठला घ्या. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही तेव्हाच संपतो, त्यामुळे आकडे ताडून पाहता येतात.

मोजपात्र धुऊन लगेच वापरले तर चालेल?

आत राहिलेले थेंब मापात धरले जातात, १०० मिलीच्या पात्रात सहज अर्धा मिली. उपडे ठेवून निथळू द्या. निथळल्यावरही थेंब भिंतीवर सुटे सुटे दिसत असतील तर आत तेलकट थर आहे. स्वच्छ काचेवर पाणी एकसंध पसरते. सौम्य साबणाने आणि मऊ ब्रशने धुवा. काथ्याने घासू नका, रेघा पुसतात.